हौसेची बंदूक आणि जागलीचे रान

धारणी गावाबाहेर पडले की सातपुड्याच्या उतारावरची शेते आणि सागाचे जंगल यांच्यामध्ये बहुधा एका बांधाचेच अंतर उरते. मका दुधात आला, ज्वारीने हुरड्याची कणसे धरली, की या शेतांतून जागल सुरू होते. चार लाकडांवर बांधलेले मचाण, त्याखाली धुमसती शेकोटी, हाताशी गोफण, बडवायला पत्र्याचा डबा आणि पहाटेपर्यंत अधूनमधून घातलेली आरोळी, एवढीच कोरकू शेतकऱ्याची रानडुकरांविरुद्धची सामग्री असते. डोळा लागला आणि कळप शेतात शिरला, तर सकाळी उभ्या पिकाच्या जागी तुडवलेला चोथा दिसतो. वर्षाची भाकरी एका रात्रीत जाते.

या मचाणावरून बंदुकीच्या प्रश्नाकडे पाहिले, तर तो शहरी चर्चेत दिसतो त्याहून निराळा दिसू लागतो. बंदूक ही काहींची गरज असते, काहींची हौस असते आणि काहींची निव्वळ प्रतिष्ठा असते. तिघांनाही अर्ज घेऊन एकाच दारात उभे राहावे लागते. त्यांतले कोण आत जाते आणि कोण पायरीवरून परत फिरते, यावरून समाज शस्त्राकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे समजते. त्यासाठी प्रथम हौसेचे टोक पाहणे उपयुक्त ठरेल. ते टोक आज अमेरिकेत आहे.

टॉमी गनची दोन रूपे

दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या हाती जी ‘टॉमी गन’ होती, तिची हुबेहूब प्रतिकृती अमेरिकेत आजही नवी कोरी विकत मिळते. जॉन थॉम्प्सन या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे हे शस्त्र पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कल्पिले गेले आणि १९२१ मध्ये बाजारात आले. मद्यबंदीच्या काळातील टोळ्यांनी त्याला कुप्रसिद्ध केले आणि महायुद्धाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. चाप दाबून धरला की मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्यांच्या वेगाने मारा करणारे हे हत्यार महाराष्ट्रालाही परके नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तिसऱ्या बटालियनच्या मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सर्व सोबती शत्रूच्या मशीनगनपुढे पडले. तेव्हा हा माणगाव तालुक्यातील तरुण टॉमी गन झाडीत एकटाच त्या मोर्चावर धावून गेला. हातबॉम्बने मशीनगन निकामी झाली, एक शत्रू गोळीने पडला. मॅगझिन बदलायला उसंत उरली नाही, तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी उरलेले दोघे लोळवले आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो स्वतः कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीवर अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला. हाताला जखम होऊन टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन ते हातबॉम्ब घेऊन शत्रूवर गेले होते.

अशा शस्त्राविषयी पुढच्या पिढ्यांना कुतूहल वाटावे, ते हातात घेऊन पाहावेसे वाटावे, यात अस्वाभाविक काही नाही. अमेरिकेतील कायद्याने या कुतूहलाला वाट ठेवली, पण शस्त्राचा एक दात काढून घेतला. तेथे १९३४ मध्ये स्वयंचलित बंदुकांवर जबर कर आणि नोंदणी लादली गेली. १९८६ मध्ये नव्या स्वयंचलित बंदुका नागरिकांना विकणे बंदच झाले. त्यामुळे कारखानदारांनी अर्धस्वयंचलित प्रतिकृतीचा मार्ग धरला. पूर्वीचे लाकूड, पूर्वीचा आकार, पूर्वीचे .४५ बोअरचे काडतूस. फरक एवढाच की चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मूळ बंदुकीत बोल्ट मागे अडकलेला असे आणि चाप ओढताच पुढे धावून गोळी उडवी. प्रतिकृतीत तो आधीपासूनच मिटलेला असतो. उघड्या बोल्टची रचना थोड्या खटपटीने पुन्हा स्वयंचलित करता येते, म्हणून १९८२ मध्ये तेथील सरकारने तशा नव्या बंदुका मशीनगनच समजायच्या असे ठरवले. नळीची लांबीही साडेदहा इंचांवरून सोळा इंचांच्या वर न्यावी लागली, कारण त्याहून आखूड नळीच्या रायफलीला पुन्हा वेगळी नोंदणी लागते. अशी ही लांब नाकाची, सहा किलोंच्या घरात वजन असलेली टॉमी गन घेऊन तेथील हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर जातात, पुठ्ठ्यावर नेम धरतात आणि आजोबांच्या युद्धाचा धक्का खांद्यावर घेऊन घरी येतात.

या हौसेला सरसकट हिंसेची आवड म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. जुने घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला किंवा जुनी मोटार जपणाऱ्याला जो आनंद मिळतो, तो यातही असतो. यंत्राची घडण समजून घेणे, ते साफ ठेवणे, शिस्तीने चालवणे, हेही एक शिक्षणच आहे. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. प्रतिकृतीने वेग कमी केला, गोळी तीच ठेवली. घड्याळाच्या नकलेने फार तर वेळ चुकेल. बंदुकीची नक्कल मात्र गोळी उडवू लागली की नक्कल राहत नाही. ती खरी बंदूकच असते.

इशापूरची तोड

भारतात हाच प्रश्न अमेरिकेच्या कितीतरी आधी उभा राहिला होता आणि त्याची तोड उलट्या बाजूने काढली गेली. इंग्रजी फौजेची ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे .३०३ बोअरची ली-एनफिल्ड रायफल, दोन्ही महायुद्धांत भारतीय जवानाच्या खांद्यावर होती. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती पहिल्या महायुद्धापूर्वीपासून तयार होऊ लागली. १९६२ च्या चीन युद्धापर्यंत ती लष्कराचे मुख्य शस्त्र होती. पुढे ती पोलिसांकडे आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित रायफलींना तोंड देणाऱ्या पोलिसांच्या हाती हीच रायफल होती, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

या रायफलीचे एक नागरी भावंड आहे. लष्करी काडतुसे चोरीने प्रजेच्या हाती जातील, ही धास्ती इंग्रज सरकारला सदैव असे. १९०७ च्या सुमारास त्याने .४५० बोअरच्या शिकारी रायफलींच्या काडतुसांची हिंदुस्थानातील आयात बंद केली, ती याच भीतीने. त्या धोरणातून खाजगी मालकांसाठी .३१५ बोअर पुढे आले. रायफलीची बांधणी ली-एनफिल्डचीच, बोल्ट तोच; परंतु काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर काडतुसावरून बेतलेले. ‘थ्री नॉट थ्री’ची गोळी या रायफलीत चालत नाही. स्वातंत्र्यानंतरही इशापूरने ही रायफल परवानाधारकांसाठी बनवणे चालू ठेवले. उत्तर भारतातील बँकेच्या दारात किंवा बड्या जमीनदाराच्या वाड्यात दिसणारी रायफल बहुधा हीच असते. युद्धातील शस्त्राची नागरी प्रतिकृती म्हणतात ती भारतात हीच, आणि ती सरकारी कारखान्यात तयार होते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा इशापूरचा कारखाना अशाच एका सरकारी कंपनीकडे गेला.

अमेरिकेने बंदुकीचा वेग काढून घेतला आणि काडतूस राहू दिले. हिंदुस्थानातील सत्तेने रायफल राहू दिली आणि काडतूस काढून घेतले. दोन्ही कुंपणांना भगदाडे आहेत. तेथे एकेक गोळी झाडूनही थोड्या वेळात अनेकांचे प्राण घेता येतात, हे वारंवार दिसले आहे. येथे जे काडतूस लष्करी गोळी दूर ठेवण्यासाठी आणले, तेच आज गुन्हेगारांच्या गावठी कट्ट्याचे खाद्य झाले आहे. देशात पकडले जाणारे पुष्कळसे कट्टे .३१५ किंवा बारा बोअरच्या काडतुसांवरच चालतात. ही काडतुसे आकाशातून पडत नाहीत. ती परवान्याच्या हिशेबातूनच कोठेतरी गळालेली असतात. परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिणे सोपे आहे, पण झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब मागणे कष्टाचे आहे. कुंपण नियमाने उभे राहते, पण टिकते ते मोजदादीने.

हक्क की परवानगी?

१८७८ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रकायदा झाला आणि वनकायदाही झाला. एकाने प्रजेच्या हातातील हत्यार घेतले, दुसऱ्याने तिच्या पायाखालचे जंगल. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला मुलूख असल्याने ब्रिटिश कायदे तेथे वेगळ्या हुकमांनी लागू होत; वनकायदा तर १८८६ मध्ये स्वतंत्रपणेच आला. परंतु मेळघाटच्या माणसाला त्याचा अर्थ एकच कळला. युरोपियनांना शस्त्रकायद्यातून सूट होती. साहेब रायफल घेऊन वाघाच्या मागे जाऊ शके. ज्याच्या शेतात रानडुक्कर येई, त्याने मात्र परवानगी मागायची.

म्हणूनच शस्त्रकायद्यावरील रोष हा राष्ट्रीय चळवळीतील एक जुना सूर होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. परंतु राज्यघटना तयार होताना चित्र बदलले. हा हक्क घटनेत यावा म्हणून हरि विष्णु कामत यांनी मांडलेली दुरुस्ती डिसेंबर १९४८ मध्ये नामंजूर झाली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला होता. घटनेने नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, पण ते शांततेने आणि निःशस्त्रपणे. परकी सत्तेखाली शस्त्र न मिळणे हा अपमान होता. स्वतःच्या प्रजासत्ताकात शस्त्राविना सुरक्षित राहता येणे, हे ध्येय ठरले. या दोन भूमिकांत विसंगती नाही. राज्य कोणाचे, एवढाच फरक आहे.

१९५९ चा शस्त्रकायदा या विचारातून आला. त्याच्या तेराव्या कलमात एक बारकावा आहे, त्याकडे क्वचितच लक्ष जाते. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची साधी बंदूक, पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी .२२ बोअरची रायफल, यांच्या परवान्यांबाबत कायदा उदार आहे. नाकारण्यास कायद्यातील ठराविक कारण नसेल, तर असा परवाना द्यावयाचा असतो. इतर शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे संसदेने हौस, प्रतिष्ठा आणि गरज यांचा क्रम तेव्हाच लावून ठेवला होता. शेतकऱ्याची ठासणीची बंदूक त्यात वरच्या पायरीवर होती.

अमेरिकन प्रतिकृतीसारखी टॉमी गन येथे कोणाला घ्यावीशी वाटली, तर त्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. काही बोअरची पिस्तुले सोडली, तर अर्धस्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि त्यांचा प्रश्न थेट केंद्रीय गृहखात्याकडे जातो. परदेशी बंदुकांची खाजगी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास सात ते चौदा वर्षांची कैद ठेवली आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या उडवण्यासाठीही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. प्रतिष्ठेच्या बंदुकीला कायद्याने लावलेली ही वेसण योग्यच म्हटली पाहिजे.

खेळाची वाट मात्र मोकळी आहे आणि तिचे फळही दिसले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. त्याच्या हातातील .२२ ची रायफल कोणत्याही युद्धाची आठवण देत नव्हती. तिच्यात एका वेळी एकच गोळी भरली जाते. नेमबाजीतील खरा आनंद वेगात नसून संयमात आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता? आणि इतिहासाच्या जिज्ञासूला नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील शस्त्रांचे दालन उघडे आहे. तेथील बंदूक काचेआड असते, हे तिचे वैगुण्य नसून सभ्यता आहे.

दहा किलोमीटरचे कुंपण

आता पुन्हा धारणीकडे वळले पाहिजे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायदा त्याआधी १९७२ मध्येच आला होता आणि त्याच्या चौतिसाव्या कलमाने बंदुकीभोवती तिसरे कुंपण घातले आहे. ते वेगाचे नाही, काडतुसाचेही नाही. ते अंतराचे आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवले पाहिजे. या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती हवी. धारणी तालुक्यातील अनेक गावे या पट्ट्यात येतात. १९५९ च्या कायद्याने पीकरक्षणाच्या बंदुकीसाठी उघडे ठेवलेले दार येथे असे अर्धे मिटते.

वाघ वाचवायचा असेल, तर हे कुंपण समर्थनीय आहे. त्याविषयी वाद नको. पीकरक्षणाची बंदूक सांबरावर आणि चितळावरही चालते, हा अनुभव जुना आहे. प्रश्न आहे तो कुंपणाच्या आतल्या माणसाचा. ज्याच्या हातातून बंदूक घेतली, त्याच्या शेताचे रक्षण कोणी करायचे? कायदा माणसाची परिस्थिती पाहून सवलत देऊ शकत नाही, असेही नाही. कूर्गच्या कोडवांना परंपरेच्या आधारावर शस्त्रपरवान्यातून सूट आहे आणि तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. कोरकूंना बंदुका वाटाव्यात, असा याचा अर्थ नव्हे. परंपरा दिसते तेथे पोटाची निकडही दिसली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

कागदावर उपाय आहेत. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमान्वये पिकाला घातक झालेल्या रानडुकराचा बंदोबस्त करण्यास अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पंचनाम्याची पद्धत आहे. पण परवानगी मिळाली तरी गोळी घालायची कोणी? ज्याच्या हाती फक्त गोफण आहे, त्याला मारण्याची परवानगी देणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाची सुट्टी देण्यासारखे आहे. पंचनाम्याला उशीर झाला की तुडवलेले पीक वाळते, पुरावा मातीत मिसळतो आणि अर्ज फायलीत राहतो.

सरळ वाट बंद झाली की माणूस आडवाट धरतो. विदर्भात शेताच्या कुंपणाला चोरून वीज सोडण्याचे प्रकार वारंवार घडतात. त्या तारेला डुक्कर आणि वाघ यांतला भेद कळत नाही, गुराखी आणि शेजारी यांतलाही कळत नाही. पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून रानडुकरांसाठी ठेवलेल्या गावठी बॉम्बने गुरांची तोंडे फाटतात, माणसांचे हात जातात. परवान्याची बंदूक निदान कोणाच्या तरी नावावर असते, तिला क्रमांक असतो, तिच्यामागे एक जागा माणूस असतो. विजेच्या तारेमागे कोणीच नसते. तिचा मालक झोपलेला असतो. बंदूक नाकारून जंगलात शांतता नांदते, असे मानणे म्हणूनच भाबडेपणाचे आहे.

क्रम चुकू नये

यावर प्रत्येक मचाणावर बंदूक देणे हे उत्तर नव्हे. गावातील एकेका घरात शस्त्र गेले की भांडणाच्या रात्री ते डुकराकडेच रोखले जाईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. उत्तर वेगळे आहे आणि त्याचे सगळे सुटे भाग कायद्यात आधीच आहेत. प्रशिक्षित आणि नोंदलेल्या नेमबाजांची तुकडी वनखात्याच्या हुकमतीखाली असावी. परवानगी आणि बंदूक एकाच वेळी शेतावर पोहोचावी. झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचे रिकामे कवच परत मोजून घेतले जावे. पंचनामा पीक वाळण्यापूर्वी व्हावा आणि सामूहिक कुंपणाला मदत मिळावी. .२२ च्या नेमबाजीसाठी राज्याने क्रीडा प्रबोधिनीपासून पॅरिसपर्यंतची वाट बांधली. तेवढी नव्हे, पण धारणीच्या तहसील कचेरीपासून मचाणापर्यंतची वाट बांधणे त्याच राज्याला अशक्य नसावे.

अमेरिकेतील टॉमी गनची प्रतिकृती असो की इशापूरची .३१५ असो, प्रत्येक कायद्याने बंदुकीला विचारले ते एकच: तू किती वेगाने मारतेस, कोणती गोळी खातेस, कोठे राहतेस? बंदूक मागणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न मात्र मागे राहिला: तुला ती कशासाठी हवी आहे? यशवंत घाडगे यांच्या हातातील टॉमी गनला त्या प्रश्नाचे उत्तर होते. काचेच्या कपाटातील तिच्या नकलेला ते फारसे नाही. धारणीच्या मचाणावर ओणव्या बसलेल्या माणसाकडे मात्र ते आहे, आणि तो बंदूक मागतही नाही. त्याला हवी आहे ती एका रात्रीची निश्चिंत झोप. ती त्याला बंदुकीशिवाय मिळवून देता आली, तर कायद्याची तिन्ही कुंपणे सार्थकी लागतील. न देता आली, तर त्याच्या शेताच्या तारेत उतरणाऱ्या विजेचा दोष एकट्या त्याच्या माथी मारता येणार नाही.